वाईसाठी मुक्काम हवाच का?

प्रश्न : आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिला वाई दाखवायची आहे. पण वाई म्हणजे महाबळेश्वरच्या वाटेवरचा थांबा, वेगळं जायचं तर मुक्काम हवा, असं सगळे म्हणतात. पुण्याहून एका दिवसात जमेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आरामात जमेल. पुण्याहून अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे. महाबळेश्वर त्याच दिवशी जोडू नका, म्हणजे झालं. खरी दमणूक महाबळेश्वरच्या घाटरस्त्याने होते.

वाईतलं ढोल्या गणपतीचं देऊळ सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेचा पूर दुभंगून जावा म्हणून. ती बघायला बहुतेक लोक मागे जातच नाहीत! तिथून जवळच मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. तिथली पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली. वाडा खासगी आहे, तेव्हा आत जाता येईल का, ते आधी विचारून घ्या.

घाटाच्या पायऱ्या उतरायचा आग्रह आईंना करू नका. वर बसूनही नदी छान दिसते. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात आणि पाणीही चढतं, तेव्हा दिवाळीनंतर जा. वाईत रेल्वे स्टेशन नाही. स्वारगेटहून एसटी मिळते, पण आईंसाठी गाडी बरी. शनिवार-रविवारी वाटेवरच्या खंबाटकी घाटात कोंडी असते. मधला वार निवडा, सकाळी सातला निघा.