दुर्मीळ इंटरनेट पत्ते आणि स्वाक्षरीची जबाबदारी

इंटरनेटच्या जाळ्यात संदेश योग्य ठिकाणी पोहोचावा, यासाठी संख्यांनी बनलेला पत्ता लागतो. ‘आयपी आवृत्ती ४’ या पद्धतीत हा पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात. जगाची लोकसंख्या याहून अधिक आहे. साठा वाढविता येत नसल्याने त्याचे न्याय्य वाटप हा सार्वजनिक हिताचा प्रश्न ठरतो.

वाटपाची रीत

पत्त्यांचे वाटप पाच प्रादेशिक संस्थांमार्फत होते. अमेरिका, कॅनडा व कॅरिबियनमधील अनेक बेटे यांसाठी १९९७ मध्ये ‘एरिन’ ही संस्था स्थापन झाली. भारतात हे काम २०१२ पासून इंडियन रजिस्ट्री फॉर इंटरनेट नेम्स अँड नंबर्स ही यंत्रणा पाहते. एरिनच्या नियमानुसार नवे पत्ते मागणाऱ्या सेवादात्यास पूर्वी मिळालेल्यांपैकी किमान ८० टक्के पत्ते वापरात असल्याचे दाखवावे लागे. मात्र अर्ज बहुधा तंत्रज्ञ भरीत. वरिष्ठांना ना मागणीची कल्पना असे, ना साठा संपत आल्याची.

अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण

ही उणीव दूर करण्यासाठी एरिनने २००९ मध्ये संस्थांच्या प्रमुखांना पत्रे पाठविली. संस्थेस कायद्याने बांधील करण्याचा अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने अर्जातील माहितीची सत्यता प्रमाणित करावी, अशी अटही त्याच वर्षी घातली. यातून दोन हेतू साधावयाचे होते. एक, फुगविलेल्या मागणीस आळा बसावा. आणि दुसरा, १२८ द्विमान अंकांच्या ‘आवृत्ती ६’ कडे वळण्याची निकड वरिष्ठांच्या ध्यानी यावी.

पुढे ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे गट वाटले गेले. एरिनचा खुला साठा २४ सप्टेंबर २०१५ रोजी संपला. त्यानंतर पत्त्यांना बाजारात भाव आला.

अनुभवाचा धडा

केवळ स्वाक्षरी पुरेशी नसते, हे २०१९ मध्ये उघड झाले. अमेरिकेतील एका व्यावसायिकाने नामधारी कंपन्या उभारून सुमारे साडेसात लाख पत्ते मिळविले होते. त्यांच्या अधिकाऱ्यांची नावे काल्पनिक होती. त्या नावांनी प्रतिज्ञापत्रेही सादर झाली. लवादाचा निर्णय एरिनच्या बाजूने लागला आणि २०२१ मध्ये आरोपीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. स्वाक्षरी करणारी व्यक्ती खरोखर अस्तित्वात आहे काय, तिला तसा अधिकार आहे काय, याची पडताळणी झाली तरच प्रमाणपत्रास अर्थ राहतो.

आपल्या कार्यालयांतही हेच तत्त्व लागू पडते. अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र असो वा ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठ्याचा प्रस्ताव असो, खालून आलेल्या कागदावर न वाचता केलेली सही ही जबाबदारी टाळण्याचाच प्रकार होय. एकाची फुगविलेली मागणी मान्य झाली, की दुसऱ्या गरजूचा वाटा कमी होतो. म्हणून सही करण्यापूर्वी आकडे तपासणे, हे प्रत्येक अधिकाऱ्याचे व लोकप्रतिनिधीचे कर्तव्य आहे.