मूल विचारतं तेव्हा थाप मारू नका

आई-बाबांनो, चार-पाच वर्षांचं मूल एक दिवस ताटाकडे बघून विचारतंच, "आई, ही खरीखुरी कोंबडी होती का गं?" बहुतेक घरांत तिथेच विषय बदलतो. 'जेव गुपचूप' म्हणतात, नाहीतर 'ही वेगळी असते' अशी थाप मारतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, थाप मारू नका.

कारण खरं काय ते त्याने पाहिलेलं असतं. चिकनच्या दुकानाबाहेर लोखंडी पिंजरा, त्यात पांढऱ्या कोंबड्या दाटीवाटीने बसलेल्या. दुकानदार एकीला ओढून काढतो, तिचे पंख एकमेकांत अडकवून काट्यावर ठेवतो, आत नेतो. थोड्या वेळाने काळी पिशवी हातात येते. आपण पैसे मोजत असतो, मूल पिंजऱ्यातल्या उरलेल्या कोंबड्यांकडे बघत असतं. कत्तलखान्यांसाठी केंद्राने २००१ साली केलेल्या नियमांत, एका जनावरासमोर दुसरं कापू नये असं स्पष्ट म्हटलंय. मुलाला हा नियम ठाऊक नसतो, पण तो का असावा हे त्याला बरोबर कळतं.

म्हणून वयाला झेपेल इतकंच, पण खरं सांगा. हो, ती कोंबडीच होती. तिला मारलं. तिला दुखलं असणार. मूल दहा-बारा वर्षांचं झालं की पुढचंही सांगा. ब्रॉयलर कोंबडी कापतात तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांची असते. तिची जातच अशी घडवली आहे, की अंग झपाट्याने भरतं आणि कितीतरी कोंबड्यांना स्वतःचा भार पायांवर पेलवत नाही. मला विचाराल तर तिच्या मरणापेक्षा हे जगणं मला जास्त छळतं. उकिरडा उकरत हिंडलेली गावठी कोंबडीही शेवटी रश्श्यातच जाते, पण ती निदान कोंबडीसारखी जगलेली असते.

शाकाहारी घरांनीही निर्धास्त राहू नये. म्हैस व्यायल्याशिवाय दूध नाही, आणि नर रेडकू गोठ्याला जड होतं. कित्येकदा ते उपासमारीने मरतं. अंड्यांसाठी पाळायच्या जातीतली नर पिल्लं तर अंड्यातून बाहेर पडल्या दिवशीच मारून टाकतात. तेव्हा 'आपण चांगले, ते पापी' असं मुलाच्या मनात भरवू नका. वर्गात कुणाच्या डब्याकडे बघून नाक मुरडायला मुलं घरातूनच शिकतात. त्या डब्यामागे कुणाची गरिबी असते, कुणाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मासेमारीचा धंदा असतो.

आणि एखाद्या दिवशी तुमचं मूल म्हणालं, "मी आजपासून मटण खाणार नाही," तर हसू नका, जबरदस्तीही करू नका. उसळ, डाळ, दूध-दही पोटात जातंय ना, एवढं बघा. दोन महिन्यांनी तेच मूल मटण मागेल, तेव्हा 'कुठे गेली तुझी दया?' असं मात्र विचारू नका.