पोलादी चाक आणि घाटाचा चढ

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेला निघालात की सोनगीर लागते. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी हे गाव साऱ्या खानदेशात प्रसिद्ध आहे. समजा, हंड्यांनी भरलेला एक ट्रक इथून मुंबईला गेला आणि तिकडून दुसरा माल घेऊन परत निघाला. वाटेत त्याला कसारा घाट चढावा लागतो. चालक गिअर बदलतो, इंजिन घरघरते आणि ट्रक एकट्याच्या जोरावर वर येतो.

त्याच डोंगरातून रेल्वेचाही मार्ग आहे. त्याला थळ घाट म्हणतात. तिथली गंमत अशी, की कितीतरी गाड्या कसाऱ्याला थांबतात आणि मागून ढकलण्यासाठी जादा इंजिने जोडून घेतात. या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. इगतपुरी आली की ती सोडवली जातात. ट्रकपेक्षा रेल्वेचे इंजिन किती तरी पटींनी ताकदवान. मग जे ट्रकला जमते ते रेल्वेला का जमू नये?

एक साधा प्रयोग करा. तीस सेंटिमीटरची पट्टी टेबलावर ठेवा आणि तिचे एक टोक फक्त आठ मिलिमीटर उचला. थळ घाटाचा सर्वांत मोठा चढ साधारण एवढाच आहे: ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर. डोळ्यांना तो चढ वाटतच नाही. आता पट्टीवर खोडरबर ठेवा. ते हलणार नाही. काचेची गोटी ठेवा. ती लगेच घरंगळेल. रेल्वेचे पोलादी चाक पोलादी रुळावर असते, तेव्हा ते या गोटीचेच भावंड असते. चाक आणि रूळ यांचा स्पर्श होतो ती जागा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी. म्हणून सपाटीवर रेल्वे फार थोड्या बळाने पळते. एक टन वजन ओढायला सुमारे चार किलोग्रॅम वजनाइतके बल पुरते.

हाच गुण घाटात अंगाशी येतो. कसा, ते आकडेमोड करूनच पाहू. उदाहरणासाठी थाटामाटाची गाडी घेऊ. २००४ साली महाराष्ट्रात ‘डेक्कन ओडिसी’ ही निळी आरामगाडी सुरू झाली. झोपायच्या खोल्या, भोजनगृह, बैठकीची दालने असे सगळे तिच्यात आहे. नाशिक, वेरूळ, अजिंठा दाखवणाऱ्या तिच्या फेरीत मुंबईहून नाशिककडे येताना थळ घाट चढावाच लागतो. अशा एखाद्या गाडीला २० डबे, प्रत्येकी ५० टनांचे, असे धरू. डबे झाले १,००० टन. इंजिन १२० टनांचे. एकूण १,१२० टन.

सपाटीवर ही गाडी ओढायला साडेचार टनांइतके बल पुरते. पण ३७ मध्ये १ चढावर गुरुत्वाकर्षण गाडीच्या वजनाच्या सदतिसाव्या भागाइतके बल लावून तिला मागे खेचते. ते झाले सुमारे ३० टन. दोन्ही मिळून साधारण ३५ टन.

इंजिन किती जोर लावू शकेल? तुम्ही म्हणाल, मोटार जितकी मोठी तितका. इथेच चूक होते. मोटार चाक फिरवते. गाडी पुढे जाते ती चाकाने रूळ पकडला तरच. कोरड्या रुळावर ही पकड इंजिनाच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकी असते, म्हणजे आपल्या इंजिनाची ३० टन. हवे आहे ३५. यापुढे मोटारीने कितीही जोर केला तरी चाक जागच्या जागी गरगर फिरेल. पावसाळ्यात रूळ ओले होतात, त्यांवर पाला पडतो, आणि पकड २० टनांपर्यंतही घसरू शकते. मग चालक चाकांपुढे वाळू सोडतो. एवढ्या अजस्र यंत्राला पेटीभर वाळूचा आधार घ्यावा लागतो!

ट्रकचे रबरी टायर रस्ता कितीतरी अधिक घट्ट पकडतात, म्हणून तो याहून कडक चढ चढतो. रेल्वेला उपाय एकच, पकडणारी चाके वाढवणे. मागे तसलीच दोन इंजिने लावली की ओल्या रुळावरही ६० टनांची पकड मिळते. ती मागेच लावण्याचेही कारण आहे. सगळा भार पुढून ओढला, तर पहिल्या डब्यांच्या जोडण्यांवर फार ताण येतो. शिवाय एखादी जोडणी तुटलीच, तर सुटलेले डबे उताराने पळत सुटतील. मागे इंजिन असले की ते अडवले जातात.

जाता जाता एक सांगतो. अशा आरामगाडीच्या एका डब्यात चार खोल्या, म्हणजे आठ प्रवासी. जुन्या पद्धतीच्या साध्या स्लीपर डब्यात ७२ जण झोपतात. घाटाच्या दृष्टीने दोन्ही डबे सारखेच जड. गालिच्यावर झोपलेल्या एका माणसासाठी इंजिनाला साध्या प्रवाशाच्या नऊपट वजन वर न्यावे लागते.

थळ घाटाचा मार्ग १८६५ साली खुला झाला. मधला डोंगर सरळ चढणे अशक्य, म्हणून बोगदे खणून, दऱ्यांवर पूल बांधून सुमारे १४ किलोमीटरमध्ये ३०० मीटरची चढण पसरवली गेली. हजारो मजुरांचे श्रम त्यात गेले आणि अपघात व रोगराईने अनेकांचे प्राणही गेले.

उतरणे चढण्यापेक्षा सोपे नाही. १,००० टनांचे डबे ३०० मीटर खाली आले की सुमारे ८०० युनिट ऊर्जा मोकळी होते. ती सारी ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेली असे धरा. तेवढ्या उष्णतेत वीस लिटरचे पाचशे हंडे पाणी उकळीला येईल! ब्रेक तापून निकामी होण्याची भीती इथेच असते. म्हणून उतरणाऱ्या गाड्यांसाठी आपल्या घाटांत ‘कॅच सायडिंग’ असते, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून उलट चढावर जाणारा रूळ. सांधा एरवी त्याच बाजूला लावलेला असतो. गाडी ताब्यात आहे याची खात्री पटली की मगच तिला पुढची वाट मिळते. १९३०च्या सुमारास घाटांत विजेची इंजिने आली. रेल्वेचे लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. मूळ स्वित्झर्लंडच्या बनावटीची ही इंजिने उतरताना मोटारीचे जनित्र करून थोडी वीज तारेत परत पाठवत. आजची नवी इंजिनेही हेच करतात.

याहून उंच पर्वतांत आणखी एक अडचण येते. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात २०१७ पासून ‘अँडियन एक्सप्लोरर’ ही झोपण्याच्या सोयीची आरामगाडी धावू लागली. कुस्को आणि पुनो यांच्यामधल्या ला राया खिंडीत ती ४,३०० मीटरच्या वर जाते. कळसूबाईच्या अडीच पटींहून ही उंची जास्त! तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-पंचमांश उरतो. पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळते, बटाटे लवकर शिजत नाहीत, प्रवाशांसाठी ऑक्सिजन जवळ ठेवावा लागतो. माणसाप्रमाणेच डिझेल इंजिनालाही विरळ हवेत धाप लागते.

आता पुन्हा सोनगीरकडे येऊ. गावात रेल्वे नाही. पण २०२४ साली केंद्र सरकारने मनमाड-इंदूर या नव्या मार्गाला मंजुरी दिली. धुळे, नरडाणा, शिरपूर या बाजूने जाऊन त्याला सातपुडा ओलांडावा लागणार आहे. महामार्ग तिथे बिजासन घाटाने वर चढतो. समजा, एका जागी ३०० मीटर चढायचे आहे. ३७ मध्ये १ चढ ठेवला तर किमान ११ किलोमीटर रूळ लागेल आणि बँकर इंजिनेही लागतील. १०० मध्ये १ ठेवला तर बहुतेक गाड्यांना बँकर लागणार नाहीत, पण रूळ ३० किलोमीटरचा होईल. वर्गात सातपुड्याचा उंचीरेषांचा नकाशा उघडा आणि ते ३० किलोमीटर कुठून कसे वळवत न्याल, कुठे बोगदा खणाल, ते पेन्सिलीने आखून पाहा.