परदेशस्थ समुदायांची आर्थिक स्थिती : बंगळुरूतील नेपाळी आणि स्विस नागरिक

स्थलांतरित समुदायांच्या आर्थिक स्थितीची तुलना करताना बहुतेक वेळा मायदेशाच्या दरडोई उत्पन्नापासून सुरुवात केली जाते. नेपाळ आणि स्वित्झर्लंड यांच्याबाबत ही तुलना फार सोपी वाटते. 2023 मध्ये स्वित्झर्लंडचे दरडोई उत्पन्न सुमारे एक लाख डॉलर होते, तर नेपाळचे सुमारे 1,400 डॉलर. 2022 च्या आकडेवारीवर आधारित मानव विकास निर्देशांकात स्वित्झर्लंड पहिल्या, तर नेपाळ 146 व्या क्रमांकावर होता. श्रीमंत देशाचे नागरिक परदेशातही श्रीमंत आणि गरीब देशाचे गरीब, असा निष्कर्ष यातून सहज काढला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. हे दोन्ही समुदाय एकाच शहरात, एकाच कायद्याखाली राहतात तेव्हा काय घडते, हे पाहिल्यास स्थलांतराच्या अर्थशास्त्रातील काही महत्त्वाचे धागे हाती येतात. त्या दृष्टीने बंगळुरू हे अभ्यासास योग्य शहर होय.

दोन दरवाजे

भारत आणि नेपाळ यांच्यात 31 जुलै 1950 रोजी शांतता व मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमानुसार दोन्ही देशांनी एकमेकांच्या नागरिकांना निवास, मालमत्तेची मालकी, व्यापार-उद्योगातील सहभाग आणि संचार याबाबत परस्परतेच्या तत्त्वावर समान सवलती देण्याचे मान्य केले. नेपाळी नागरिकाला सीमा ओलांडून भारतात येण्यासाठी व्हिसा लागत नाही, कामासाठी परवाना लागत नाही आणि परदेशी नागरिक म्हणून नोंदणीही करावी लागत नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा अमलात आला, त्यातही ही सवलत कायम ठेवण्यात आली आहे.

स्वित्झर्लंडशीही भारताचा जुना मैत्री करार आहे. तो 14 ऑगस्ट 1948 रोजी, म्हणजे नेपाळशी झालेल्या कराराच्याही आधी झाला. तथापि स्विस नागरिकाला येथे नोकरीसाठी रोजगार व्हिसा घ्यावा लागतो, दीर्घ मुक्कामासाठी नोंदणी करावी लागते आणि मुख्य म्हणजे त्याचे वेतन एका किमान मर्यादेपेक्षा अधिक असावे लागते. ही मर्यादा प्रारंभी वर्षाला 25,000 डॉलर होती. पुढे ती रुपयांत, 16 लाख 25 हजार अशी ठरविण्यात आली. विशिष्ट देशाचे खाद्यपदार्थ बनविणारे आचारी, इंग्रजीव्यतिरिक्त अन्य भाषांचे शिक्षक अशा मोजक्या व्यवसायांना त्यातून सूट आहे.

या वेतनमर्यादेचा अर्थ विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. बंगळुरूतील नोकरदार स्विस माणूस चांगल्या पगाराचा दिसतो, कारण कमी पगाराच्या स्विस माणसाला त्या दरवाज्यातून आतच येता येत नाही. अर्थशास्त्रात याला निवडीचा परिणाम म्हणतात. नेपाळच्या बाबतीत अशी गाळणी नाही. पश्चिम नेपाळच्या अछाम, डोटी, बझांग, बाजुरा यांसारख्या डोंगरी जिल्ह्यांतील ज्या कुटुंबाजवळ मलेशिया किंवा आखाती देशांत जाण्यासाठी दलालाला व विमानाला द्यायला पैसे नसतात, ते कुटुंब बनबसा किंवा रुपैडिहा येथून रेल्वेने वा बसने भारताकडे येते. म्हणजे एका समुदायाचा वरचा थर आणि दुसऱ्याचा खालचा थर यांची आपण तुलना करीत असतो. नेपाळच्या जनगणनेतही हे दिसते. 2001 मध्ये देशाबाहेर असलेल्या सुमारे 7 लाख 62 हजार नेपाळींपैकी 77 टक्के भारतात होते. 2011 मध्ये बाहेर असलेल्यांची संख्या 19 लाखांवर गेली आणि भारताचा वाटा सुमारे 38 टक्क्यांवर आला. ज्यांना परवडले ते दूर गेले.

शहरातील व्यवसाय

बंगळुरूत नेपाळी श्रमिक मुख्यतः निवासी संकुलांतील वॉचमन, हॉटेलांतील आचारी व वाढपी, मोमो-चाऊमीनच्या गाड्या, ब्यूटी पार्लर आणि घरकाम या क्षेत्रांत आढळतात. पुष्कळदा नवरा इमारतीचा वॉचमन असतो, तळमजल्यावरील किंवा जिन्याखालील खोलीत कुटुंब राहते आणि बायको त्याच इमारतीतील चार-पाच घरांची धुणीभांडी करते. घरभाडे वाचते आणि दोघांची कमाई होते, हा या व्यवस्थेचा लाभ. खोली नोकरीला बांधलेली असल्याने नोकरी सुटताच छप्परही जाते, ही तिची किंमत. मुलांच्या शाळेचा खंड त्यातूनच येतो. खुल्या सीमेमुळे येण्या-जाण्याची नोंद होत नाही आणि म्हणून या समुदायाची गणतीही होत नाही. ज्या समुदायाची गणती नाही, त्याच्यासाठी योजना आखणे कोणत्याही प्रशासनास अवघडच.

स्विस नागरिकांची संख्या याउलट अगदी अल्प, परंतु प्रत्येकाची नोंद आहे. ते प्रामुख्याने कंपन्यांचे अधिकारी, अभियंते, संशोधक व शिक्षक असतात. झुरिच येथे मुख्यालय असलेल्या एबीबी समूहाच्या भारतीय कंपनीचे मुख्य कार्यालय बंगळुरूत आहे, स्विस री या पुनर्विमा कंपनीचे मोठे केंद्रही येथे आहे. 2010 मध्ये स्वित्झर्लंडने विज्ञान व तंत्रज्ञान सहकार्यासाठी स्विसनेक्स ही आपली संस्था याच शहरात सुरू केली. अर्थात या कंपन्यांतील बहुसंख्य कर्मचारी भारतीयच आहेत. येथे आणखी एक बाब नोंदविण्याजोगी आहे. आश्रित व्हिसावर आलेल्या स्विस जोडीदाराला भारतात नोकरी करता येत नाही, तर नेपाळी वॉचमनची पत्नी पहिल्या दिवसापासून काम करू शकते. एका घरात एकाच्या मोठ्या वेतनावर सर्व अवलंबून, तर दुसऱ्या घरात दोघांच्या लहान कमाईवर.

मालमत्तेच्या बाबतीत चित्र अधिकच गुंतागुंतीचे आहे. 1950 च्या करारात मालमत्तेच्या मालकीचा उल्लेख असला, तरी परकीय चलनविषयक नियमांनुसार ज्या देशांच्या नागरिकांना भारतात स्थावर मालमत्ता घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते, त्यांच्या यादीत नेपाळ आहे. केवळ पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला सूट आहे. नोकरीनिमित्त भारतात निवासी ठरलेल्या स्विस नागरिकाला मात्र अशी परवानगी लागत नाही. (नेपाळमध्येही भारतीयांना जमीन घेण्याची मुभा नाही, हे येथे सांगितले पाहिजे.)

निवृत्तिवेतन कोणाचे कोठे

या तुलनेतील सर्वांत महत्त्वाचा भाग सामाजिक सुरक्षेचा आहे आणि अभ्यासकांचे त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. भारत-स्वित्झर्लंड सामाजिक सुरक्षा करार 29 जानेवारी 2011 पासून अमलात आहे. त्यानुसार स्विस कंपनीने भारतात पाठविलेला कर्मचारी 72 महिन्यांपर्यंत आपल्या देशाच्याच निवृत्तिवेतन योजनेत राहू शकतो. येथे दुहेरी वर्गणी भरावी लागत नाही आणि मायदेशातील वर्षांमध्ये खंड पडत नाही. असा करार लागू नसला तरी, युरोपीय संघ व त्याच्याशी जोडलेल्या देशांबाहेर राहणाऱ्या आणि लागोपाठ पाच वर्षे पूर्वी विमित असलेल्या स्विस नागरिकाला मायदेशाच्या वृद्धापकाळ विम्यात स्वेच्छेने राहता येते. थोडक्यात, त्याची सुरक्षा त्याच्यासोबत प्रवास करते. यालाच लाभांची वहनीयता म्हणतात.

नेपाळी श्रमिकाबाबत कायदा वरकरणी अधिक उदार आहे. 2008 मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेत ‘आंतरराष्ट्रीय कामगार’ हा वर्ग निर्माण करण्यात आला. त्यांच्यासाठी वेतनमर्यादा न ठेवता पूर्ण वेतनावर वर्गणी आकारण्यात आली. नेपाळी नागरिकाला 1950 च्या करारामुळे या वर्गातून वगळून भारतीय कामगार मानले जाते. म्हणजे 20 किंवा अधिक कामगार असलेल्या सुरक्षा एजन्सीत तो असेल, तर त्याच्या सहकाऱ्याप्रमाणेच त्याचाही भविष्य निर्वाह निधी कापला गेला पाहिजे. वेतन 21,000 रुपयांपर्यंत असल्यास कर्मचारी राज्य विमाही लागू झाला पाहिजे. पण चार-पाच नोकर ठेवणारे गृहसंकुल, उपाहारगृह किंवा एखादे घर या मर्यादांच्या बाहेरच राहते, आणि नेपाळी श्रमिकांचा मोठा भाग तेथेच काम करतो. हक्क आहे, खाते नाही.

(‘आंतरराष्ट्रीय कामगार’ या वर्गासंबंधीच्या विशेष तरतुदी कर्नाटक उच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2024 रोजी बंगळुरूतील एका शिक्षणसंस्थेच्या याचिकेवर घटनाबाह्य ठरविल्या. देशातील सर्व उच्च न्यायालयांचे याबाबत एकमत नाही. परीक्षार्थींनी हा संदर्भ समानतेच्या चौदाव्या कलमाशी जोडून पाहावा.)

ओळखपत्राचा प्रश्नही येथेच येतो. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. येथे राहणाऱ्या नेपाळी नागरिकालाही तो मिळू शकतो व त्याची मुदत दहा वर्षांची असते. तथापि त्यासाठी निवासाचा पुरावा हवा, आणि जिन्याखालच्या खोलीचा भाडेकरार कोणी करीत नाही.

मायदेशाचा पाठिंबा

स्वित्झर्लंडमध्ये चार भाषिक प्रदेश आहेत आणि परदेशस्थ नागरिकांना तेथे ‘पाचवे स्वित्झर्लंड’ म्हटले जाते. 2023 अखेर त्यांची संख्या 8 लाख 13 हजारांवर होती. त्यांना 1992 पासून टपालाने मतदान करता येते, आणि अडचणीत सापडलेल्या परदेशस्थ नागरिकाला साहाय्य देण्याची तरतूद कायद्यात आहे. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये परदेशस्थ नागरिकांना मतदानाची सोय करण्याचा आदेश दिला होता. 2022 च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती होऊ शकली नाही. नेपाळच्या 2007 च्या वैदेशिक रोजगार कायद्याखाली श्रमपरवाना घेऊन जाणाऱ्यांसाठी कल्याण निधी आहे. भारतात येण्यासाठी असा परवाना लागत नसल्याने बंगळुरूतील नेपाळी त्या निधीच्याही बाहेर राहतो. खुल्या सीमेचा हा अनपेक्षित परिणाम होय.

आणि तरीही नेपाळची अर्थव्यवस्था अशाच नागरिकांवर उभी आहे. 2023-24 या आर्थिक वर्षात नेपाळमध्ये सुमारे 1 लाख 44 हजार 500 कोटी नेपाळी रुपये रेमिटन्स, म्हणजे परदेशस्थांनी घरी पाठविलेला पैसा, आला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश एवढा. भारतातून जाणाऱ्या पैशाला विनिमय दराची चिंता नसते, कारण 1993 पासून 1 भारतीय रुपयास 1.60 नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. परंतु बराच पैसा गावी जाणाऱ्या नातेवाइकाच्या खिशातून जातो. नोव्हेंबर 2016 मध्ये 500 व 1,000 च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा नेपाळमधील घरांत साठविलेल्या अशा नोटा बदलण्याची सोय तेथे नव्हती. रिझर्व्ह बँकेने 2008 मध्ये भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा सुरू केली. 1 ऑक्टोबर 2021 पासून खात्यातून पाठवायच्या रकमेची मर्यादा 50 हजारांवरून 2 लाख रुपये करण्यात आली. रोख भरणाऱ्यासाठी मात्र 50 हजार आणि वर्षात 12 वेळा ही जुनीच मर्यादा राहिली. येथेही ज्याचे खाते आहे त्याचाच लाभ अधिक.

इतिहासाची साक्ष

गरिबी हा एखाद्या राष्ट्राचा स्वभाव नसतो, हे समजण्यासाठी बंगळुरूपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवरील श्रीरंगपट्टण पाहावे. तेथील गॅरिसन दफनभूमीत द म्यूरॉन रेजिमेंटच्या सैनिकांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या कबरी आहेत. 1781 मध्ये न्यूशातेल येथील चार्ल्स-डॅनिएल द म्यूरॉन याने ही भाडोत्री पलटण डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी उभारली. 1795 मध्ये ती इंग्रजांच्या सेवेत गेली आणि 1799 मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात लढली. डोंगराळ, समुद्रकिनारा नसलेल्या व शेतीवर न भागणाऱ्या स्वित्झर्लंडची तरुण माणसे तेव्हा जगभर सैनिक म्हणून जात असत. 1819 मध्ये सुमारे दोन हजार गरीब स्विस लोक ब्राझीलमधील नोव्हा फ्रिबुर्गो वसाहतीकडे निघाले. त्यांतील शेकडो वाटेतच दगावले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उद्योग, रेल्वे व शिक्षण यांच्या बळावर हा देश माणसे पाठविणाऱ्याऐवजी माणसे आणणारा झाला. त्याच काळात व्यापारी स्विसही भारतात आले. 1851 मध्ये विंटरथूर आणि मुंबई येथे एकाच वेळी स्थापन झालेली फोल्कार्ट बंधूंची पेढी ही त्याची ओळख. 1954 मध्ये टाटांसह तिच्यातूनच व्होल्टास ही कंपनी उभी राहिली.

नेपाळचाही लष्करी इतिहास असाच. रणजितसिंहाच्या सैन्यात भरती होण्यासाठी लाहोरला जाणाऱ्यांवरून परदेशी नोकरीस जाणाऱ्याला नेपाळीत ‘लाहुरे’ हा शब्द रूढ झाला. 1947 च्या त्रिपक्षीय करारानंतर गोरखा सैनिक भारतीय व ब्रिटिश अशा दोन्ही सैन्यांत राहिले. भारतीय सैन्यातून निवृत्त झालेल्या गोरख्याला काठमांडू, पोखरा वा धरान येथील भारतीय कार्यालयांतून निवृत्तिवेतन मिळते. तो आणि बंगळुरूचा वॉचमन एकाच देशाचे, कधीकधी एकाच गावचे. पण एकाची सेवा नोंदलेली असते, दुसऱ्याची नसते. मायदेशाच्या दरडोई उत्पन्नाने जे स्पष्ट होत नाही ते या एका उदाहरणाने होते. 2022 मध्ये अग्निपथ योजना आल्यानंतर नेपाळमधून होणारी ही भरती थांबली असून, निवृत्तिवेतनाचा तो एक मार्गही नव्या पिढीपुढे सध्या बंद आहे.

भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांचा व्यापार व आर्थिक भागीदारी करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. त्यात 15 वर्षांत 100 अब्ज डॉलर गुंतवणुकीचे उद्दिष्ट असल्याने स्विस अधिकारी व तंत्रज्ञांची ये-जा वाढण्याची शक्यता आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून भारतातील चार श्रम संहिताही अमलात आल्या. त्यांत आंतरराज्य स्थलांतरित कामगाराची व्याख्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेला कामगार अशी आहे. भविष्य निर्वाह निधीसाठी भारतीय मानला जाणारा नेपाळी कामगार कोणत्याच राज्यातून आलेला नसल्याने या व्याख्येत बसत नाही.