शेतकऱ्याचे अर्थसाहाय्य आणि जमिनीची नोंद

शेतकऱ्याला शासनाकडून मिळणाऱ्या रोख साहाय्याचे दोन ठळक प्रकार आहेत. एक विकलेल्या मालावर मिळते, तर दुसरे जमिनीच्या मालकीवर. भात, नारळ, काजू आदी पिकांसाठी गोव्यात असलेली आधारभूत किमतीची योजना पहिल्या प्रकारात मोडते. बाजारातील दर ठरावीक किमतीहून खाली गेल्यास मधला फरक कृषी खाते शेतकऱ्याला देते. ‘प्रधानमंत्री किसान सन्मान निधी’ ही केंद्र शासनाची योजना मात्र दुसऱ्या प्रकारची होय. तिच्यात पीक किती आले हे पाहिले जात नाही. जमीन कोणाच्या नावावर आहे, हे पाहिले जाते. हा भेद ध्यानात न आल्यास खऱ्या कष्टकऱ्याच्या पदरी निराशा येते.

योजनेचे स्वरूप

१ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या या योजनेचा औपचारिक प्रारंभ २४ फेब्रुवारी २०१९ रोजी झाला. पात्र कुटुंबास वर्षाकाठी ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात मिळतात. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले. आरंभी असलेली २ हेक्टरची मर्यादा २०१९ मध्येच उठविण्यात आली. आयकर भरणारे, तसेच व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते इत्यादींना योजनेतून वगळण्यात आले आहे.

नोंद मागे का राहिली?

गोवा मुक्त झाल्यानंतर १९६४ साली कूळ कायदा आला. १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने शेत कसणाऱ्या कुळाला मालकीचा मार्ग खुला झाला. भाटकाराच्या मर्जीवर जगणाऱ्या कुळाच्या दृष्टीने हे मोठेच परिवर्तन होते. तथापि, कायद्याने दिलेला हक्क कागदावर उतरवून घेण्याचे काम कित्येक घरांत राहून गेले. ‘एक-चौदा’च्या उताऱ्यावर कोठे कूळ म्हणून, तर कोठे दिवंगत आजोबांचेच नाव राहिले.

एक उदाहरण घेऊ. एका खाजन शेताच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव आहे. त्यांच्या पश्चात मुलगाही वारला. आज नातू बांध सांभाळतो, पेरणी-कापणी करतो. गावाच्या दृष्टीने शेतकरी तोच. परंतु वाडवडिलांच्या नावावरील जमीन कसणे, एवढ्याने या योजनेत पात्रता येत नाही. वारसाहक्काने ती जमीन त्याच्या नावे नोंदली गेली पाहिजे.

उताऱ्यावर अनेक भावंडांची नावे असली तरी बिघडत नाही. प्रत्येकाचे कुटुंब स्वतंत्र व अन्यथा पात्र असल्यास प्रत्येकास लाभ मिळू शकतो. जमीनधारणेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख मूळ नियमांत निश्चित केलेली आहे. धारकाच्या मृत्यूमुळे वारसाकडे आलेल्या जमिनीस मात्र अपवाद आहे.

काय करावे?

प्रथम उतारा काढून स्वतःचे नाव कोणत्या रकान्यात आहे, ते वाचून पाहावे. मालक दिवंगत असल्यास मृत्यूचा दाखला व वारसाचे दस्तऐवज घेऊन फेरफारासाठी अर्ज करावा. नाव कूळ म्हणून असल्यास खरेदीची कार्यवाही कोठवर आली आहे, याची चौकशी मामलेदार कार्यालयात करावी. त्यानंतर आधार क्रमांकाची बँक खात्याशी जोडणी आणि ई-केवायसी पूर्ण करावी. यासंबंधीचे मार्गदर्शन विभागीय कृषी कार्यालयात घेता येते.

या कामी गावातील शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. आपल्या घरचा उतारा वाचावयास शिकलेला विद्यार्थी वडीलधाऱ्यांना तो समजावून सांगू शकतो. वर्षाचे ६,००० रुपये ही रक्कम लहान वाटेल. पण तिच्या निमित्ताने नोंद दुरुस्त झाली, तर पुढील पिढीचा हक्कही सुरक्षित होईल. शेताच्या बांधाची डागडुजी दरवर्षी होते. कागदाचा बांधही तितकाच जपावयास हवा.