विमान की गाडी, ते मागाहून

सातारा,
रविवार, दुपार

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा आक्काचा फोन आला होता. "पोरगं विमानानं जातंय रे लेहला. बरं झालं, त्या घाटरस्त्याची कटकट नको," असं मोठ्या समाधानानं सांगत होती. मी हं-हं करत राहिलो. तिला आधीच रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तिच्याशी काय बोलणार? पण काल एका लग्नाच्या मांडवात बातमी कानावर आली. कऱ्हाडकडचा कुणी तिशीतला मुलगा विमानानं लेहला उतरला, लगेच मित्रांबरोबर खारदुंगला जाऊन आला, दुसऱ्या रात्री हॉटेलात खोकत बसला आणि सकाळी उठलाच नाही. मांडवातल्या बातमीला किती किंमत द्यायची ते मला कळतं. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ऐकून घास उतरेना, कारण ती दुसरी रात्र. बनवून सांगणाऱ्याला 'दुसरी रात्र' सुचत नाही. तो म्हणतो, उतरला आणि पडला. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री काय होतं, हे ज्यानं जवळून पाहिलंय त्यालाच ठाऊक असतं.

तुझा कार्यक्रम आक्कानं व्हॉट्सॲपवर धाडला, तो चष्मा पुसून पुन्हा वाचला. शनिवारी पहाटे दिल्लीहून विमान, दुपारी शांती स्तूप, रविवारी खारदुंगला, सोमवारी हेमिस राष्ट्रीय उद्यानात, रुंबकला मुक्काम. अरे, हा कार्यक्रम कुणी केला? पुण्याची उंची साडेअठराशे फूट, लेहची साडेअकरा हजार. कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवलीस तरी लेह वरच राहतं. दिल्लीहून ते अंतर विमान सव्वा-दीड तासात तोडतं. त्या वेळात तुझं रक्त, तुझी फुप्फुसं काय तयारी करणार? तिथल्या हवेचा दाब समुद्राकाठच्या जेमतेम दोन तृतीयांश. आणि दुसऱ्याच दिवशी तू साडेसतरा हजार फुटांवर फोटो काढायला जाणार! मनगटावरच्या घड्याळात रोज दहा हजार पावलं होतात म्हणून? व्यायामाचा इथं काही उपयोग नाही. उलट तयारीचा गडी भरभर चालतो, भरभर चढतो आणि आधी आडवा होतो.

तुझा मामा लष्कराच्या वॉर्डात नर्सिंग असिस्टंट होता, हे तुम्हा पोरांना फक्त लहानपणी इंजेक्शनची भीती घालण्यापुरतं माहीत आहे. लेहला पोस्टिंगवर आलेल्या जवानाला पहिले सहा दिवस कुणी वर पाठवत नसे. पहिले दोन दिवस आराम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर सावकाश चालणं. पाचव्या-सहाव्या दिवशी थोडा चढ. बारा हजारांच्या वर जायचं तर आणखी चार दिवस. रजेवरून परतलेल्या जुन्या गड्यालाही यातून सूट नसे. रुंबक साधारण तेरा हजार फुटांवर. लष्कराच्या हिशेबानं तू तिथं दहा दिवसांनी पोचायला हवास, निघालायस तिसऱ्या दिवशी. तुमच्या कंपनीची रजा तेवढी नसते, मान्य. दहा दिवस मी मागत नाही. पहिले दोन दिवस मागतोय. ते तरी दे.

तुमच्यातल्या एकाचं म्हणणं, पुण्याहूनच गाडी काढू, मनालीमार्गे जाऊ, म्हणजे शरीराला सवय होत जाईल. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण तो रस्ता ज्यानं नुसता नकाशावर पाहिलाय तोच असं म्हणेल. मनाली पावणेसात हजार फूट. अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग चढावाच लागत नाही, नऊ किलोमीटर आत शिरायचं नि लाहौलात बाहेर पडायचं. त्यामुळे वेळ राहतो आणि माणसं त्याच दिवशी सरचूपर्यंत रेटतात. सरचू चौदा हजार फूट! म्हणजे एका दिवसात सात हजार फूट चढून लेहहूनही उंच ठिकाणी तंबूत झोपायचं. वर तिथली गोम अशी की, रात्री कुणाला श्वास लागला तर खाली न्यायला आधी वर चढावं लागतं. मागे फिरलास तर बारालाचा, सोळा हजार. पुढं गेलास तर लाचुलुंग ला आणि मग तांगलांग ला, साडेसतरा हजार. दोन्हीकडून कोंडी. जायचंच झालं त्या वाटेनं, तर केलाँग नाहीतर जिस्पाला दोन रात्री काढा आणि सरचूला पाठ टेकू नका.

माझं ऐकशील तर श्रीनगरहून जा. श्रीनगरपर्यंत विमानानं जा, हवं तर; ते पाच हजार फुटांवर आहे, तिथं उतरल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. आमच्या वेळी पुण्याहून झेलममध्ये बसायचं, ती जम्मूला सोडायची आणि पुढं ताफ्यातून हाडं खिळखिळी करत जायचं. आता म्हणे कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेही जाते. असो. श्रीनगर ते लेह सव्वाचारशे किलोमीटर. सोनमर्गचा बोगदा झालाय, झोजीलाचा अजून व्हायचाय, तेव्हा तो घाट गाडीनंच चढावा लागेल. दरड कोसळली की तासन् तास थांबावंही लागतं, चिडचिड करू नका. झोजीला साडेअकरा हजार, पण तिथं थांबायचं नसतं. द्रास ओलांडून कारगिलला मुक्काम, पावणेनऊ हजारांवर. तिथं एकाऐवजी दोन रात्री राहा. दुसऱ्या दिवशी गावात हिंडा, जर्दाळू खा. मग नमिका ला, फोतू ला ओलांडून लामायुरूवरून लेह. फोतू ला हाच त्या वाटेवरचा सगळ्यांत उंच टप्पा, साडेतेरा हजार. चढायचं आणि उतरून झोपायचं, अशी ती वाट आहे. म्हणून जुनी माणसं त्या वाटेला मानतात.

आक्का श्रीनगर म्हटलं की बिचकते. पहलगामचा हल्ला झाल्यापासून टीव्हीवर काश्मीर शब्द आला तरी ती आवाज बंद करते. तिची भीती खोटी म्हणणार नाही. निघण्याआधी तिथली परिस्थिती विचारून घे आणि तिला समजावून सांग. मीही बोलतो तिच्याशी. पण येताना मात्र विमानानंच ये. लेहमधून झटकन खाली यायला विमानासारखा रस्ता नाही; मोटारीच्या दोन्ही वाटा आधी वर चढतात. विमानं बहुतेक सकाळचीच असतात, दुपारी वारा सुटतो. हवा बिघडली की रद्दही होतात. तेव्हा हातात एक दिवस जादा ठेव, त्याच दिवशी संध्याकाळी ऑफिसची मीटिंग लावून बसू नकोस.

आणि समजा रजा मिळालीच नाही आणि दिल्लीहून थेट लेहला उडावं लागलं, तरी मी तुला अडवणार नाही. विमानाशी माझं वैर नाही. विमानानं वाचवलेले दोन दिवस तिथं पोचल्यावर अंथरुणावर पडून द्यायचे, एवढंच. खोलीत जा, पाणी पी, झोप. दारू नाही, झोपेची गोळी नाही. रुंबक पाचव्या दिवशी. खारदुंगला नाही गेलास तरी कुणी विचारत नाही. डायमॉक्सची गोळी अनेक जण आदल्या दिवसापासून घेतात, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. ती गोळी सल्फाच्याच जातीतली, आणि आक्काला सल्फाच्या गोळ्यांनी अंगभर गांधी उठल्या होत्या, तू तेव्हा तिसरीत असशील. तेही डॉक्टरला सांग. आणि गोळी घेतली म्हणजे दोन दिवस माफ झाले, असं समजू नकोस.

इतकं लिहूनही खरं भय सांगितलंच नाही. तू बोलणार नाहीस, याचं मला भय आहे. पालीच्या यात्रेत अंगात सणसणून ताप असताना खंडोबाची पालखी निघेपर्यंत तू उन्हात उभा राहिलास आणि कुणाला कळू दिलं नाहीस. विचारलं तर म्हणालास, "सगळे थांबले होते ना." थेट आमच्या बाबांचा स्वभाव. आणि तिथं वर हाच स्वभाव जिवावर उठतो. आमच्याकडे कोल्हापूरकडचा एक पैलवान गडी होता. रजेवरून विमानानं आला. पहिल्या दिवशी डोकं दुखलं ते सांगितलं नाही. पैलवान म्हणून सगळे ओळखायचे, डोकं धरून बसला तर हसतील. दुसऱ्या रात्री बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून गुलाबी फेस यायला लागला तेव्हा सोबत्यांनी उचलून आणला. रात्रभर ऑक्सिजनवर ठेवला. सकाळी हवा उघडी होती म्हणून विमान उडालं, चंदीगडला खाली नेला आणि वाचला. हवा बंद असती तर?

म्हणून सांगतो. डोकं जड झालं, जेवण नकोसं झालं, झोप लागेना, तर तिथंच थांबायचं, आणखी वर जायचं नाही. स्वस्थ बसलं असतानाही दम लागत असेल, किंवा सरळ रेषेत चालताना तोल जात असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिजन, हॉस्पिटल आणि खाली. हे तू तुझ्या मित्रांचंही बघ. तू स्वतःचं सांगणार नाहीस, पण दुसऱ्याचं बघशील, एवढा मला तुझा भरवसा आहे.

रागावलोय असं वाटत असेल. थोडा आहेच. पण तू हेमिस निवडलंस याचं मनातून कौतुक वाटलं. बाकीची पोरं पँगाँगला त्या सिनेमातल्या स्कूटरवर बसून फोटो काढतात. तुला डोंगरात चालत जावंसं वाटलं. देशातलं सगळ्यांत मोठं राष्ट्रीय उद्यान आहे ते, 1981 सालचं. मी लेहला होतो तेव्हा बरॅकीसमोर सिंधूपलीकडं स्तोकची रांग दिसायची. रुंबक तिच्याच मागं. रोज बघायचो आणि पुढच्या मोसमात जाऊ म्हणायचो. रजा मिळाली की मात्र गावाकडं धाव. आधी आक्काचं लग्न, मग घराचं छप्पर, मग तुझ्या मामीची बाळंतपणं. मामी दरवर्षी म्हणायची, मला एकदा दाखवा तुमचं लेह. मी म्हणायचो, तिथं काय आहे, दगड आणि थंडी. आता दोघांचेही गुडघे गेले. मधूनमधून ती अजूनही टोमणा मारते आणि मी पेपरात तोंड घालतो.

हिमबिबट्या दिसेल ही आशा मात्र जूनमध्ये धरू नकोस. देशात 718 मोजले, त्यातले 477 एकट्या लडाखमध्ये, असं 2024 साली जाहीर झालं, त्याचं कात्रण मी काढून ठेवलंय. पण उन्हाळ्यात भरल वर चढतात, त्यांच्यामागं तोही चढतो. तो बघायला जानेवारी-फेब्रुवारीत यावं लागतं. तेव्हा मनालीची वाट बर्फानं बंद, झोजीलाचाही भरवसा नाही, म्हणजे विमानच. आणि मग पहिल्या दोन दिवसांचं सगळं पुन्हा आलं, थंडी धरून. ते पुढच्या वेळी. या खेपेला भरल बघ, शापू बघ, आकाशात दाढीवालं गिधाड दिसलं तर मान मोडेपर्यंत बघ. स्पितुकवरून झिंगचेनपर्यंत गाडी, पुढं ओढ्याकाठानं पायवाट. रुंबकला गावकऱ्यांच्या घरातच राहायची सोय असते, पाळीपाळीनं प्रत्येक घराला पाहुणे. एकेकाळी गोठ्यात शिरून बकऱ्या मारणाऱ्या बिबट्याला मारणारीच ही गावं. आता पाहुणे त्याच्यासाठी येतात, म्हणून त्याला जपतात. घरात शिरताना 'जुले' म्हण. खारट चहा देतील, तोंड वाकडं करू नकोस.

जाताना पोस्टपेड कार्ड घे, इकडचं प्रीपेड तिथं चालत नाही. रुंबकला बहुधा तेही लागायचं नाही, म्हणून चढायच्या आधी आणि उतरल्यावर दोन्ही वेळा फोन कर. आणि लेहमध्ये पहिल्या दोन रात्रींपैकी कधीही, दोन वाजता, तीन वाजता, डोकं दुखलं आणि मित्रांना सांगायची लाज वाटली, तर मला लाव. मी फोन उशाशीच ठेवतो. आईला सांगणार नाही. हसणार तर मुळीच नाही. काय होतंय तेवढं सांग, काय करायचं ते मी सांगतो, आणि झोप लागेपर्यंत बोलत बसू.

मामीचे आशीर्वाद. लोभ आहेच.

तुझा
मामा

ता. क. — बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र कुरिअरनं धाडतोय, कोविडमध्ये घेतलेलं आहे, सेल नवे घातलेत. मामी लोकरी मोजे विणायला बसली आहे. तुझा पाय आठ नंबरचा की नऊ, ते लगेच कळव, तिनं एक टाच उसवली आहे.