घटक ४ : चित्रपट आणि वारशाने आलेला आघात

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
• वारशाने आलेला आघात ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• चित्रपट हा आघात कोणत्या दृश्यसाधनांनी मांडतो, हे सांगता येईल.
• आघाताचा वारसा आणि नियती यांतील भेद ओळखता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या आजीच्या घरात ताटात उरलेली भाकरी टाकली जात नाही. नातीने तो दुष्काळ पाहिलेला नसतो. तरीही अन्न वाया गेले की ती अस्वस्थ होते. आजीची भीती तिच्यापर्यंत सवयींतून पोहोचलेली असते. मागच्या पिढीने भोगलेले दुःख पुढच्या पिढीच्या मनात असे वस्तीला येते, तेव्हा त्यास वारशाने आलेला आघात म्हणतात. मारियान हर्श या अभ्यासिकेने ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या मुलांविषयी लिहिताना अशाच स्मृतीचा विचार केला. आपण तीन चित्रपटांच्या आधारे तो पुढे नेऊ.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ न बोललेली फाळणी : 'खामोश पानी'

सबिहा सुमार यांचा हा चित्रपट (२००३) पाकिस्तानी पंजाबातील एका खेड्यात, १९७९ साली घडतो. विधवा आयेशा गावातल्या विहिरीवर कधीच जात नाही. पाणी इतर कोणी आणून देते. ती मूळची शीख आहे. १९४७ मध्ये घरच्या पुरुषांनी 'अब्रू' राखण्यासाठी स्त्रियांना विहिरीत उडी घ्यावयास सांगितले, तेव्हा ती पळाली होती. मुलगा सलीम यास यातले काहीच ठाऊक नाही. धर्मांध राजकारणाकडे ओढला गेलेला हा तरुण पुढे आईकडेच तिच्या धर्माचा पुरावा मागतो आणि अखेर आयेशा त्याच विहिरीत उडी घेते. वसाहतीच्या अखेरीस आखलेली सीमारेषा येथे माय-लेकांमधून जाते. दिग्दर्शिका भूतकाळ आधी संवादांतून सांगत नाही. टाळलेली विहीरच तो सांगते.

४.२.२ जन्माने लादलेली ओळख : 'फँड्री'

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) कैकाडी कुटुंबातील जब्या शाळेत शिकतो. परंतु गावाला त्याच्या घराण्याकडून डुकरे पकडण्याचेच काम हवे आहे. वडील कचरू अपमान मुकाट्याने गिळतात आणि तीच सवय मुलाने उचलावी अशी परिस्थिती असते. ब्रिटिश राजवटीने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला व पुढे त्याची व्याप्ती वाढवली. तो १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत कैकाडी समाजाचे नाव आहे. चित्रपट या कायद्याचा उल्लेख करीत नाही. शिवाय, जातीची उतरंड वसाहतीपूर्वीची आहे. म्हणून सारा दोष परकी सत्तेवर टाकणे योग्य ठरणार नाही. पकडलेले डुक्कर घेऊन हे कुटुंब शाळेच्या भिंतीवरील महापुरुषांच्या चित्रांसमोरून जाते, तेव्हा स्वातंत्र्याने दिलेले वचन आणि वास्तव एकाच चौकटीत येतात. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो. वडिलांचे मौन मुलाने नाकारले, हा त्याचा अर्थ होय.

४.२.३ कुटुंबातील आजार : 'देवराई'

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई'त (२००४) शेष यास स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. बहीण सीना त्याची काळजी वाहते. अशा आजारात आनुवंशिकतेचा वाटा असू शकतो. मात्र तेच एकमेव कारण नसते. याहून अधिक निश्चितपणे पुढे जाते ती भीती, अपराधभावना आणि लपवाछपवी. आजाराला नाव मिळून उपचार सुरू होतात, तेव्हा या दुसऱ्या वारशाची पकड सैल होऊ लागते.

४.३ सारांश

तिन्ही चित्रपटांत आघात पुढे नेणारे वाहन मौन आहे. आयेशाचे मौन मुलापर्यंत अज्ञान होऊन पोहोचते, जब्या ते मोडतो, तर शेषच्या घरात उपचार त्यास वाट करून देतात. म्हणून वारसा अटळ असला, तरी त्याचा शेवट ठरलेला नसतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. 'खामोश पानी'तील विहीर या प्रतिमेचे कार्य स्पष्ट करा.
२. 'फँड्री'तील आघात केवळ वसाहतकालीन का मानता येत नाही?

उपक्रम : आपल्या घरात ज्याविषयी बोलले जात नाही अशा एखाद्या प्रसंगाबद्दल वडीलधाऱ्यांची इच्छा असल्यासच विचारा. त्यांनी सांगितलेले व न सांगितलेले यांची दहा ओळींत नोंद करा. ही नोंद कोणास दाखवण्याचे बंधन नाही.